‘हा प्रोसेसर चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या चित्रांचे उल्लेख तेवढे गाळले आहेत. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी घेतले आहेत.)



सुरुवात एका निळ्या पडद्यापासून करतो. ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. मायक्रोसॉफ्टने २२ तारखेला विंडोज ११ साठी एक ऐच्छिक अपडेट काढलं, क्रमांक केबी ५०२९३५१. ऐच्छिक म्हणजे ज्याची सक्ती नाही असं. पुढच्या महिन्यात सगळ्यांना जे मिळणार, त्याची आधीची चव. काही लोकांनी ते घेतलं, संगणक पुन्हा सुरू केला आणि समोर आलं, ‘अनसपोर्टेड प्रोसेसर’. म्हणजे तुमचा प्रोसेसर आम्हाला मान्य नाही. गंमत अशी, की हे लोक काही दहा-बारा वर्षांपूर्वीची मशीन घेऊन बसलेले नव्हते. इंटेलच्या ६०० आणि ७०० मालिकेतल्या चिपसेटचे, एमएसआय कंपनीचे बोर्ड. त्या वेळी बाजारातला ताजा माल म्हणावा असा. आदल्या दिवशीपर्यंत तोच बोर्ड, तोच प्रोसेसर आणि तेच विंडोज गुण्यागोविंदाने नांदत होते.

अशा वेळी आपण दोष कुणाला देतो? अपडेट आलं, मशीन पडलं, म्हणजे अपडेट वाईट. किंवा पडदाच म्हणतोय प्रोसेसर चालत नाही, म्हणजे प्रोसेसर वाईट. मायक्रोसॉफ्टने तपास केला आणि सांगितलं, की याचं मूळ आमच्या अपडेटमध्ये नाही, ठरावीक प्रोसेसरांपुरतीच ही अडचण आहे. एमएसआय आणि इंटेल यांनी आपल्या बाजूने शोध घेतला. गोम निघाली ती बोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये, इंटेलच्या हायब्रिड रचनेसंबंधीच्या एका सेटिंगमध्ये. एमएसआयने नवीन बायोस दिलं, त्यात प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड होता, आणि तो संदेश येणं थांबलं. प्रोसेसर बदलावा लागला नाही, बोर्ड बदलावा लागला नाही, विंडोज नव्याने टाकावं लागलं नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम पहिलं घेतलं. ‘चालत नाही’ हे एकच वाक्य संगणकाच्या जगात चार-पाच निरनिराळ्या अर्थांनी वापरलं जातं. काही अर्थांत एक पैसा खर्च न करता काम होतं, काही अर्थांत खरोखर नवी खरेदी करावी लागते. आणि दुकानाच्या काउंटरवर उभं राहिलं, की सगळ्या अर्थांवर उत्तर मात्र एकच मिळतं: बोर्ड-प्रोसेसर बदला. बोर्ड बदलला की बऱ्याचदा रॅमही बदलावी लागते, कारण जुनी डीडीआर३ किंवा डीडीआर४ नव्या बोर्डात बसेलच असं नाही. म्हणजे कॅबिनेट आणि मॉनिटर सोडून सगळंच नवीन. झेरॉक्सचं दुकान, ई-सेवा केंद्र किंवा घरगुती डीटीपी चालवणाऱ्या माणसाला हा खर्च लहान नाही. म्हणून आधी अर्थ लावायचा, मग पाकीट काढायचं.

आता हे फर्मवेअर म्हणजे काय, ते पाहू. लग्न जुळवताना मध्यस्थ असतो ना, तसा हा. एका बाजूला प्रोसेसर आणि बोर्ड, दुसऱ्या बाजूला विंडोज किंवा लिनक्स. हे दोघे एकमेकांना आधी भेटतच नाहीत. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो. त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, आजकाल तो खरं तर यूईएफआय असतो. तो रॅम तपासतो, प्रोसेसर ओळखतो, कुठे काय जोडलंय याचे तक्ते तयार करतो आणि मग ते तक्ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देऊन बाजूला होतो. ऑपरेटिंग सिस्टिम या तक्त्यांवर विश्वास ठेवून संसार मांडते. मध्यस्थाने अर्धवट किंवा जुनी माहिती दिली, की पुढे भांडण ठरलेलं, आणि भांडणात दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात. मध्यस्थाचं नाव कुणी घेत नाही.

दुसरा शब्द मायक्रोकोड. प्रोसेसर कारखान्यातून बाहेर पडला, की त्याचं सिलिकॉन बदलता येत नाही; पण त्याच्या आत सूचना कशा पार पाडायच्या याची एक थर असलेली व्यवस्था असते आणि तिच्यावर ठिगळं लावता येतात. हे ठिगळ कायमचं शिवलं जात नाही. वीज गेली की ते जातं, आणि दर वेळी सुरू होताना बायोसकडून किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडून ते पुन्हा चढवलं जातं. म्हणून एकाच प्रोसेसरचं वागणं बायोस बदलल्यावर बदलू शकतं. ‘प्रोसेसर तोच आहे हो, मग असं कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

दोष नेहमी मध्यस्थाचाच, असंही नाही. जानेवारी २०१८ आठवा. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या आणि मायक्रोसॉफ्टने ३ तारखेला घाईने अपडेट सोडलं. काही जुनी एएमडी मशीनं त्यानंतर सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्टने त्या मशीनांसाठी अपडेट थांबवलं आणि कारण दिलं, की काही एएमडी चिपसेट आम्हाला दिलेल्या कागदपत्रांप्रमाणे वागत नाहीत. काही दिवसांत दुरुस्ती आली. तोवर इंटेलच्या बाजूला वेगळंच. इंटेलने दिलेल्या नव्या मायक्रोकोडमुळे हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीची मशीनं आपोआप रीस्टार्ट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं, थांबा, हे पुढे लावू नका. महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टला स्पेक्टरच्या एका प्रकाराविरुद्धचं संरक्षण तात्पुरतं बंद करणारं अपडेट काढावं लागलं. एका महिन्यात एकदा अपडेट आणि चिपसेट यांचं पटलं नाही, एकदा खुद्द मायक्रोकोड चुकला. आणि घरातल्या माणसाला दोन्ही वेळा दिसलं एकच, ‘अपडेटनंतर मशीन बिघडलं.’

आता विंडोज ११ कडे येऊ, कारण सभागृहातले निम्मे लोक त्यासाठीच आलेत असं दिसतंय. ५ ऑक्टोबर २०२१ ला ते आलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. ‘तुमचा पीसी पात्र नाही’ हा संदेश आला, की पहिलं काम म्हणजे तो कशामुळे आला ते वाचणं. मायक्रोसॉफ्टचंच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं साधन कारण सांगतं. तिथे टीपीएम किंवा सिक्युअर बूट असं लिहिलं असेल आणि प्रोसेसरपुढे बरोबरची खूण असेल, तर घाबरू नका. तुमच्याकडे वस्तू आहे, फक्त ती बंद आहे.

टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी तिजोरी. लोकांना वाटतं तिची वेगळी चिप विकत आणावी लागते. २०२१ मध्ये तर त्या चिपांचे भाव परदेशी बाजारात भलतेच चढले होते. पण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या किंवा रायझन २००० आणि पुढच्या जवळपास सगळ्या मशीनांत ती सोय आतच असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. असेम्बल्ड पीसीच्या जुन्या बायोसमध्ये ती बंद ठेवून यायची. बायोसमध्ये जाऊन चालू करा, झालं. कित्येक कंपन्यांनी नंतरच्या बायोसमध्ये ती आपोआप चालू करून दिली.

सिक्युअर बूटची वाट मात्र थोडी निसरडी आहे, इथे सावकाश चला. जुनं विंडोज पुष्कळदा ‘लेगसी’ पद्धतीने बसवलेलं असतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर प्रकारची असते. सिक्युअर बूटला यूईएफआय आणि जीपीटी मांडणी लागते. कुणीतरी व्हिडिओ बघून बायोसमध्ये सीएसएम बंद करतो, आणि मशीन म्हणतं बूट करायला डिस्कच नाही. घामच फुटतो. पण डेटा गेलेला नसतो. सीएसएम पुन्हा चालू केलं की विंडोज परत येतं. योग्य क्रम उलटा आहे. आधी विंडोजमध्ये असतानाच एमबीआर२जीपीटी हे मायक्रोसॉफ्टचं साधन वापरून मांडणी बदलायची (विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ते आत आहे), आणि मग बायोसमध्ये यूईएफआय करायचं. त्याआधी बॅकअप घ्यायचा, हे मी वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

टीपीएम चालू केल्यावर नवीन त्रास उद्भवल्याचीही नोंद आहे. काही रायझन मशीनं विंडोजमध्ये मध्येच क्षणभर अडखळायची, आवाजासकट. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं, की एफटीपीएमचा बोर्डावरच्या मेमरीशी चाललेला व्यवहार याला कारणीभूत आहे. उपाय? पुन्हा नवीन बायोस, मे २०२२ पासून आलेलं. लोक तोवर ग्राफिक कार्ड बदलून बघत होते.

बरं, हेल्थ चेक प्रोसेसरपुढेच फुली मारत असेल तर? इथे ‘चालत नाही’चा अर्थ बदलतो. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची झेन प्लस, ही रेघ मायक्रोसॉफ्टने ओढली. सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर नंतर आत घेतले. सुरक्षा आणि स्थैर्य ही कारणं दिली. अपात्र मशीनांवर चाचणीत कर्नलचे क्रॅश ५२ टक्के अधिक आढळले, असं त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण रेघ तंतोतंत तंत्राची नाही, हे तुम्ही लक्षात घ्या. विंडोज ११ च्या मेमरी-संरक्षणाला वेग देणारी प्रोसेसरमधली सोय इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे, ती पिढी जवळपास सगळी बाहेर. एएमडीमध्ये तशी सोय झेन २ पासून आली, तरी झेन प्लस आत. म्हणजे रेघेच्या अलीकडचा प्रोसेसर ‘चालू शकत नाही’ असं नसून ‘चालवण्याची हमी आम्ही घेत नाही’ असं आहे. हे धोरण आहे, आणि धोरण बायोस अपडेटने बदलत नाही. इथे तासन्‌तास बायोस शोधण्यात वेळ घालवू नका.

याच्या पलीकडे एक खरा, भौतिक नकार आहे. विंडोज ११ च्या २०२४ च्या, २४एच२ आवृत्तीपासून पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना प्रोसेसरमध्ये असाव्याच लागतात. कोअर २ ड्युओमध्ये पॉपकाउंट नाही. तिथे कुठलीही युक्ती चालत नाही, कारण विंडोज जे वाक्य बोलतं ते त्या प्रोसेसरच्या भाषेतच नाही. कोअर २ ड्युओवाल्यांनी माझ्यावर रागावू नये, त्या बिचाऱ्याने भरपूर सेवा केली आहे.

आणि एक पाचवा अर्थ, सगळ्यात फसवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत मशीन अधूनमधून कोसळायचं. लोक विंडोज अपडेटला, ग्राफिक ड्रायव्हरला शिव्या देत होते. २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतली झीज होत होती. ऑगस्ट २०२४ पासून सुधारित मायक्रोकोड बोर्ड कंपन्यांच्या बायोसमधून आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण नवीन बायोस पुढची झीज रोखतं. झालेली भरून काढत नाही. असा प्रोसेसर असेल आणि बायोस नवीन करूनही मशीन कोसळत असेल, तर विंडोज चार वेळा फॉरमॅट करू नका. वॉरंटीचा कागद शोधा.

आता बायोस अपडेट प्रत्यक्ष कसं करायचं. हे काम मी भीती घालून सांगणार नाही, पण हलकंही करणार नाही. ‘एमएसइन्फो३२’ चालवा. तिथे बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणजे बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती व तारीख दिसते. ते नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. काही कंपन्या एकाच नावाच्या बोर्डाच्या १.०, २.० अशा सुधारित आवृत्त्या काढतात आणि दोघांचं बायोस वेगळं असतं. तो आकडा बोर्डावरच छापलेला असतो, कॅबिनेटचं झाकण उघडून बघा. फाइल फक्त बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. डेल, एचपी, लेनोवोसारखा ब्रँडेड पीसी असेल, तर बोर्ड कुणी बनवला ते शोधू नका, त्याच कंपनीच्या पानावर मशीनचा क्रमांक टाका.

फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर बोर्ड मृतवत होऊ शकतो. ज्या गावात भारनियमन आहे तिथे यूपीएसशिवाय हे करू नये, आणि यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का ते आधी तपासावं. नव्या बऱ्याच बोर्डांवर मागे एक बटण असतं, त्याने पेनड्राइव्हमधून बायोस परत भरता येतं. ते बटण आपल्या बोर्डावर आहे का हे संकट येण्याआधी माहीत करून घ्या.

दुसरी गोष्ट: अपडेटनंतर बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात. टीपीएम बंद होईल, सीएसएम उलटं होईल, डिस्कचा मोड एएचसीआय की रेड हे बदलेल आणि विंडोज डिस्कच सापडत नाही म्हणून निळा पडदा दाखवेल. मग माणूस म्हणतो, बायोसने वाट लावली. म्हणून आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि तिसरी, जिच्यासाठी खरं तर मी आज आलोय. बिटलॉकर. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला पत्ताच नसतो. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, तर हे कुलूप बहुतेक मशीनांवर आपोआप लागतं. त्याची किल्ली टीपीएममध्ये. बायोस बदललं किंवा प्रोसेसर बदलला, की टीपीएमला संशय येतो आणि मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल, तर डेटा गेला. कुठलाही दुकानदार, कुठलीही कंपनी तो परत आणू शकत नाही. कुलूप त्यासाठीच बनवलंय. रायझनच्या बोर्डावर प्रोसेसर बदलल्यावर एक काळा पडदा विचारतो, एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन? घाईत लोक वाय दाबतात. तिथे थांबा. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती किल्ली आहे का पाहा, कागदावर लिहा, आणि शक्य असेल तिथे बायोस बदलण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा. ज्यांच्या मशीनवर मुलांचे फोटो, जीएसटीची कागदपत्रं, प्रबंध आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढं एक काम करा.

अपडेटनंतर मशीन उठतच नसेल, तर? दोन-तीन वेळा सुरू होताना अडखळलं, की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं. तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये दोन पर्याय आहेत, मासिक अपडेट काढा किंवा मोठी आवृत्ती मागे घ्या. मोठी आवृत्ती मागे घेण्याची मुदत साधारण दहा दिवसांची असते. मागे जाऊन मशीन उठलं, की मग शांतपणे बायोस बघा. २०२३ च्या त्या प्रकरणात तर विंडोज काही वेळा ते अपडेट आपणहून काढून टाकत होतं. आणि कामाच्या मशीनवर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली ऐच्छिक अपडेटं घेऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षा-अपडेटं मात्र टाळू नका.

प्रश्न: माझ्याकडे सहाव्या पिढीचा आय५ आहे. एसएसडी टाकलाय, छान चालतो. तो भंगारात द्यायचा का?

अजिबात नाही. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेटं घेता येतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, आणि सहाव्या पिढीत पॉपकाउंट असल्यामुळे ते चालेलही; पण पुढची अपडेटं मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार होतात त्या मशीनवर मी ते करणार नाही. फक्त ब्राउझर, पत्रलेखन, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल, तर लिनक्स टाका. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिथे आयताच असतो. हार्डवेअर लॉकवर चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर असेल, तर मात्र ते तिथे चालेल असं गृहीत धरू नका. अशा मशीनचं इंटरनेट काढून ते फक्त डीटीपीसाठी ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, त्याच बोर्डात सेकंडहँड आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवून देतो, सॉकेट तोच आहे. मग विंडोज ११ मिळेल. करू का?

सॉकेट तोच आहे, हे खरं आहे. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही पिढ्यांचं एलजीए ११५१. प्रोसेसर खाचेत अलगद बसेलसुद्धा. पण आठवी पिढी २०१७ मध्ये आली ती ३०० मालिकेच्या चिपसेटसाठी. १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांना इंटेलने तिचा आधार दिला नाही. एएमडीचं याच्या उलट. एएम४ सॉकेटच्या २०१७ च्या कितीतरी बोर्डांना नुसतं बायोस बदलून रायझन ५००० चालतो. तिथे अडचण वेगळी, जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस बदलावं लागतं, नाहीतर नवीन प्रोसेसर ओळखलाच जात नाही आणि पडदा काळा राहतो. २०१८ मध्ये अशा अडकलेल्या ग्राहकांना एएमडीने बायोस बदलण्यापुरता एक साधा प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय केली होती. तेव्हा तुमच्या दुकानदाराला एवढंच सांगा, की बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे कोणत्या आवृत्तीचं बायोस लागतं तेही लिहिलेलं असतं. त्या यादीत हा प्रोसेसर मला दाखवा. दाखवला तर घ्या. आणि ‘यादीत नाही, पण मी चालवून देतो’ असं म्हणाला, तर चालवून दाखवल्यावरच पैसे द्या.